शिअर भोवरे घडवतो की मोडतो?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "द्रवगतिकीच्या पेपरात शिकलो की दोन थर वेगवेगळ्या वेगानं वाहायला लागले की मधली सीमा अस्थिर होते आणि भोवरे होतात. मग टोकामाकवरच्या व्याख्यानात ऐकलं की प्रवाहातला शिअर अस्थिरता दाबतो, त्यामुळेच एच-मोड मिळतो. दोन्ही खरं कसं? शिवाय माझ्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये शिअर घातला की वाढीचा दर एका आकड्यावर थांबतच नाही, नुसता वरखाली होत राहतो. माझं कुठे चुकतंय?"

वरखाली होणारा आकडा ही बहुतेक चूक नाही. त्यावर शेवटी येतो, कारण आधीचं कळल्याशिवाय ते कळणार नाही. नवख्या वाचकांसाठी: प्लाझ्मा म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, टोकामाक म्हणजे तो चुंबकीय क्षेत्रानं कोंडून ठेवणारं कंकणाकृती यंत्र, आणि एच-मोड म्हणजे त्यातली प्लाझ्मा जास्त चांगला टिकण्याची अवस्था.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवून टाकू. पुस्तकी मराठीत शिअरला कर्तन म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे शिअरच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पण प्लाझ्मात शिअर दोन. टोकामाकमध्ये चुंबकीय क्षेत्ररेषा एकात एक बसलेल्या पृष्ठभागांवर गुंडाळलेल्या असतात. चुंबकीय शिअर म्हणजे एका पृष्ठभागावरून शेजारच्या पृष्ठभागावर जाताना या रेषांचा पीळ बदलणं. प्रवाहाचा शिअर म्हणजे जागेनुसार वेग बदलणं. तोंडी परीक्षेत निम्मी मुलं इथेच अडकतात. तुमचा प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे, पण पहिला मध्येमध्ये डोकावणार.

आता मूळ मुद्दा. "शिअर तारतो की मारतो" असा प्रश्न केला की उत्तर सापडत नाही. विचारायचं ते हे: जी लाट वाढतेय, तिचं पोट कोण भरतंय? प्रवाहातली वेगाची तफावतच तिला ऊर्जा पुरवत असेल, तर शिअर वाढवणं म्हणजे आगीत तेल. पण ती दाबाच्या किंवा तापमानाच्या उतारावर जगत असेल, तर शिअर तिच्यासाठी परका असतो आणि बहुतेक वेळा तिची मोडतोड करतो. तुमच्या दोन्ही व्याख्यानांत शिअर एकच होता, लाटा वेगळ्या होत्या.

पहिल्या प्रकारातली नामवंत अस्थिरता म्हणजे केल्विन-हेल्महोल्ट्झ. हेल्महोल्ट्झ यांनी ती १८६८ मध्ये मांडली, केल्विन यांनी १८७१ मध्ये. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की संगम पुलावर उभं राहून बघा. मुठा गढूळ आणि धावती, मुळेची चाल वेगळी. दोन्ही पाण्यांच्या मधली रेघ सरळ राहत नाही, तिला लाटा येतात, लाटांचे भोवरे होतात. वेगाच्या फरकात साठलेली ऊर्जा भोवऱ्यांत उतरते.

इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. वेग सगळीकडे सारख्याच प्रमाणात वाढत गेला, म्हणजे आलेख सरळ रेषेचा असला, तर ही अस्थिरता येतच नाही. रॅले यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं की वेगाच्या आलेखात वाक बदलणारा बिंदू लागतो. आणि तो असला तरी ती फार चपळ नसते. वेग मध्यरेषेच्या एका बाजूला अधिक यू, दुसऱ्या बाजूला उणे यू आणि मध्ये गुळगुळीत चढ, असा नेहमीचा टॅन-हायपरबोलिक आलेख घेतला, तर सगळ्यात जलद लाटेचा वाढीचा दर मधल्या शिअरच्या जेमतेम ०.१९ पट भरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता यात चुंबकीय क्षेत्र आणू. क्षेत्ररेषा ताणलेल्या तारांसारख्या वागतात. प्रवाह रेषांच्याच दिशेनं असेल, तर सीमेवरची प्रत्येक लाट त्या तारा वाकवायला बघते आणि तारा तिला सरळ करतात. दोन्ही बाजूंची घनता आणि क्षेत्र सारखं धरलं, तर वेगातला फरक आल्फवेन वेगाच्या, म्हणजे या ताणलेल्या तारांवरून लाट ज्या वेगानं धावते त्याच्या, दुप्पट होईपर्यंत अस्थिरता डोकं वर काढत नाही. हे गणित चंद्रशेखरांच्या १९६१ च्या ग्रंथात आहे. पण क्षेत्र प्रवाहाला आडवं असेल, तर लाट तारा न वाकवता त्यांना नुसती बाजूला सरकवत पुढे जाते आणि तारांचा काही उपयोग होत नाही. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या कडेला हेच घडतं. सौरवाऱ्यातलं क्षेत्र उत्तरेकडे वळलेलं असताना बाजूच्या सीमेवर ते प्रवाहाला जवळपास काटकोनात असतं, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये क्लस्टर या अवकाश मोहिमेच्या चार यानांना तिथे चांगले गुंडाळलेले भोवरे सापडले. म्हणजे शिअरबरोबर क्षेत्राची दिशा सांगितली नाही, तर माहिती अर्धीच.

आता टोकामाक. तिथला नेहमीचा त्रास केल्विन-हेल्महोल्ट्झचा नसतो. गाभ्यात काही कोटी अंश तापमान आणि हातभर पलीकडे भिंत. एवढा तीव्र उतार असल्यावर त्यावर लहान लहान लाटा उठणारच. आयनांच्या तापमानाच्या उतारावर जगणाऱ्या लाटा त्यातल्या मुख्य. त्यांचे भोवरे आयनाच्या घिरटीच्या त्रिज्येच्या काही पट असतात, कडेला साधारण सेंटिमीटरभर. ते आतली उष्णता उचलतात आणि बाहेर नेऊन टाकतात.

या भोवऱ्यांवर शिअर काय करतो, ते फुगडीवरून कळेल. दोघी हात धरून फुगडी घालताहेत. आता अशी कल्पना करा की एकीच्या पायाखालची फरशी पुढे सरकायला लागली आणि दुसरीची जागेवरच राहिली. फरशी सावकाश सरकत असेल तर त्या कशाबशा गिरक्या घेत राहतील. पण एक गिरकी पूर्ण व्हायच्या आत फरशीनं एकीला हातभर पुढे नेलं, तर हात सुटतात आणि फुगडी मोडते. भोवऱ्याचंही तसंच: तो आधी लांबट होतो, मग तिरका, मग त्याच्या पट्ट्या होतात आणि पट्ट्या विरून जातात. आरपार जाणारं अंतर कमी झाल्यावर उष्णतेची वाहतूकही घटते. बिग्लारी, डायमंड आणि टेरी यांनी १९९० मध्ये हे गणितात बसवलं. व्यवहारातला ठोकताळा असा की शिअरचा दर लाटेच्या वाढीच्या दराच्या आसपास पोचला की खळबळ बसायला लागते.

फरशी सरकवतं कोण? विद्युतक्षेत्र. चुंबकीय क्षेत्राला आडवं विद्युतक्षेत्र असलं की अख्खा प्लाझ्मा दोघांनाही काटकोनात सरकतो. याला ई-क्रॉस-बी ड्रिफ्ट म्हणतात. यातली मजा अशी की आयन असो वा इलेक्ट्रॉन, जड असो वा हलका, सगळे एकाच वेगानं सरकतात. त्रिज्येनुसार विद्युतक्षेत्र बदललं की सरकण्याचा वेग बदलतो, आणि आपला शिअर तयार.

आकडे घालून बघा, कारण आकड्यांशिवाय हे सगळं किस्से वाटतात. कडेला मीटरला ३० किलोव्होल्ट विद्युतक्षेत्र धरा, चुंबकीय क्षेत्र २ टेस्ला. सरकण्याचा वेग झाला सेकंदाला १५ किलोमीटर. हे क्षेत्र दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात शून्यापासून इथवर चढत असेल, तर शिअर सेकंदाला सुमारे १० लाख. कडेच्या भोवऱ्याचं आयुष्य साधारण १० मायक्रोसेकंद, म्हणजे दर सेकंदाला १ लाख. दसपट फरक. फुगडी टिकायची सोयच नाही. आणि मघाचा ०.१९ आठवा: हा शिअर स्वतःची केल्विन-हेल्महोल्ट्झ लाट काढू पाहील, तरी तिला स्वतःच्याच शिअरपेक्षा पाचपट कमी दरानं वाढावं लागतं. शिवाय तिला पट्ट्याच्या पूर्ण रुंदीत क्षेत्ररेषांशी जुळून राहायचं असतं, आणि चुंबकीय शिअर ते जुळू देत नाही. टोकामाकच्या कडेला एवढा तीव्र शिअर असूनही संगम पुलाखालचं दृश्य सहसा का दिसत नाही, ते यातून कळतं.

एच-मोड १९८२ मध्ये जर्मनीतल्या गार्शिंगच्या आस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वॅगनर यांना दिसला, तेव्हा यातलं काहीच कुणाच्या डोक्यात नव्हतं. तापवण्याची शक्ती एका पातळीपुढे गेली आणि प्लाझ्मा अचानक दुप्पट चांगला टिकायला लागला. कडेला उष्णता अडवणारा एक बारीक बांध तयार झाला होता. शिअर हे कारण की नुसता सोबती, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. मला पटलेला पुरावा १९८९ चा: लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या टोकामाकमध्ये कडेला इलेक्ट्रोड घालून बाहेरून विद्युतक्षेत्र लादलं, आणि बांध उभा राहिला. म्हणजे आधी क्षेत्र, मग बांध. आपल्या गांधीनगरच्या आदित्य टोकामाकवरही असा विद्युतदाब दिलेला इलेक्ट्रोड वापरून कडेला शिअरचा प्रवाह निर्माण केला गेला आणि तिथल्या मोठ्या चुंबकीय अस्थिरता दबल्याचं दिसलं. टेअरिंग मोडचं, म्हणजे क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात त्या अस्थिरतांचं, प्रकरण मात्र वेगळं आणि किचकट आहे. शिअर त्यांना कधी दाबतो, कधी उचकवतो, त्यात मी आत्ता शिरत नाही.

पुण्यात बसून हे लिहितोय, तर पाषाणच्या हवामान संस्थेतल्या मित्रांची आठवण होणारच. त्यांचं एक उदाहरण मला आमच्या पुस्तकांतल्या उदाहरणांपेक्षा आवडतं. अरबी समुद्रात चक्रीवादळं मान्सूनच्या आधी येतात, नंतर येतात, पण समुद्र तापलेला आणि दमट हवा भरपूर असूनही जुलै-ऑगस्टमध्ये सहसा येत नाहीत. खाली दीड किलोमीटरवर पश्चिमेकडून जोरदार वारा, वर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून तितकाच जोरदार. वादळाचं डोकं एकीकडे ओढलं जातं आणि पाय दुसरीकडे. वादळाला ऊर्जा मिळते समुद्राच्या उष्णतेतून, वाऱ्यांच्या फरकातून नाही, म्हणून हा शिअर त्याचा शत्रू. ऊर्जेचा प्रश्न आधी का विचारायचा, ते इथे दिसतं.

खळबळ स्वतःच शिअर तयार करते, हा आणखी एक प्रकार. लहान भोवरे एकमेकांना ढकलता ढकलता मोठे पट्टेदार प्रवाह उभे करतात, गुरूवर दिसतात तसे, आणि मग हे पट्टे आपल्या जन्मदात्या भोवऱ्यांनाच फाडतात. भोवरे कमी झाले की पट्टे उपाशी पडतात, पट्टे मंदावले की भोवरे पुन्हा वाढतात. वाघ-हरणांचं गणित. १९९८ मध्ये संगणकावर हे स्पष्ट दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून पट्टेदार प्रवाह नसलेल्या सिम्युलेशनकडे कुणी गंभीरपणे बघत नाही.

इथवर वाचून "मग शिअर वाढवत न्यावा" असं वाटलं असेल, तर थांबा. प्लाझ्माला बाजूनं कणांचा झोत मारून फिरवलं की तो कंकणाच्या लांबीनं फिरतो. त्या फिरण्याचा बराचसा भाग क्षेत्ररेषांच्या दिशेनं असतो, थोडासा आडवा. आडव्या भागातला शिअर भोवरे फाडतो. रेषांच्या दिशेच्या भागातला शिअर मात्र स्वतःची वेगळी अस्थिरता पोसतो. डी'अँजेलो यांनी ती १९६५ मध्येच सांगितली होती. म्हणजे एकाच फिरण्यातून औषधही मिळतं आणि आजारही. दोघांचं प्रमाण यंत्राच्या आकारावर ठरतं: क्षेत्ररेषेचा पीळ मोजणारा क्यू, भागिले लहान त्रिज्या आणि मोठ्या त्रिज्येचं गुणोत्तर. क्यू १.५ आणि गुणोत्तर ०.२ धरलं तर उत्तर ७.५, म्हणजे आजार औषधाच्या साडेसातपट. सुरुवातीला शिअर वाढवला की खळबळ घटते, मग एक बरी जागा येते, आणि त्यापुढे वाढवत गेलात की खळबळ परत उठते, आता वेगळ्या इंधनावर. जाडजूड, चेंडूसारख्या गोलाकार टोकामाकांत हे गुणोत्तर कमी येतं, म्हणून फिरण्याचा फायदा त्यांना जास्त.

दुसरी मर्यादा आकाराची. इलेक्ट्रॉनच्या तापमानाच्या उतारावर जगणारे भोवरे आयनांच्या भोवऱ्यांपेक्षा लहान आणि चपळ असतात. ड्यूटेरियममध्ये वस्तुमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ ६० च्या आसपास येतं, आणि वाढीचा दरही साधारण तितका जास्त. आयनांची फुगडी मोडणारा शिअर यांच्या गावीही नसतो. आतले बांध उभे राहिले की आयनांची उष्णता टिकते आणि इलेक्ट्रॉनांची गळतच राहते, असं अनेक यंत्रांवर दिसतं, त्यामागे हे एक कारण आहे. झेड-पिंचवाले, म्हणजे प्लाझ्माच्या दंडातून वीज सोडून तिच्याच चुंबकीय क्षेत्रानं तो आवळणारे, याच शिअरवर आणखी मोठा डाव लावून बसलेत. शुमलाक आणि हार्टमन यांनी १९९५ मध्ये मांडलं की पुरेसा शिअर असलेला अक्षीय प्रवाह पिंचची वेटोळी पडणारी अस्थिरता थोपवू शकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगांत पिंच अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ टिकले. शिअर किती पुरेसा यावर सिद्धांतवाल्यांचं एकमत नाही. मला मूळ यंत्रणा बरोबर आणि सूत्र ढोबळ वाटतं.

आता एक उलटं उदाहरण, विद्यापीठाच्या आवारातल्याच आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या लोकांना विचारा. कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरते. आतला वायू जलद, बाहेरचा सावकाश. शिअर प्रचंड. तरीही चुंबकीय क्षेत्र नसेल तर रॅले यांच्याच दुसऱ्या एका निकषानुसार ही तबकडी स्थिर, कारण बाहेर जावं तसा कोनीय संवेग वाढत जातो. पण मग वायू आत कसा पडतो? यात अगदी दुबळं चुंबकीय क्षेत्र घाला. क्षेत्ररेषा दोन शेजारच्या वायुकणांना स्प्रिंगसारखी जोडते. आतला पुढे पळतो, स्प्रिंग त्याला मागे खेचते, त्याचा संवेग कमी होतो, तो आणखी आत घसरतो आणि आणखी जलद पळतो. स्प्रिंग जास्तच ताणली जाते. वेलिखोव यांनी १९५९ मध्ये आणि चंद्रशेखरांनी १९६० मध्ये हे लिहिलं होतं, पण तबकड्यांसाठी त्याचं मोल बाल्बस आणि हॉली यांनी १९९१ मध्ये ओळखलं. वाढीचा कमाल दर फिरण्याच्या कोनीय वेगाच्या पाऊणपट, म्हणजे एका प्रदक्षिणेत लाट शंभरपटीच्या वर. केल्विन-हेल्महोल्ट्झमध्ये चुंबकीय क्षेत्रानं शिअरला आवर घातला होता, इथे तेच क्षेत्र शिअरला वाट मोकळी करून देतं. मात्र क्षेत्र फार बळकट झालं की स्प्रिंगची काठी होते आणि अस्थिरता संपते.

आता तुमचा कोड. शिअर असलेल्या प्रवाहात लाटेचे माथे सतत तिरके होत जातात. गणितात सांगायचं तर त्रिज्येच्या दिशेचा तरंगांक (ठरावीक लांबीत लाटा किती दाट बसतात ते सांगणारा आकडा) वेळेबरोबर सरळ रेषेत वाढत जातो: शिअर गुणिले प्रवाहाच्या दिशेचा तरंगांक गुणिले वेळ. म्हणजे लाट दर क्षणी वेगळी असते. मग "वाढीचा दर" हा एकच आकडा मिळायला तरी कसा? कंकणाकार भूमितीत चुंबकीय शिअर असेल तर लाट क्षेत्ररेषेवरून सरकत जाते, कंकणाच्या बाहेरच्या बाजूला आली की वाढते, आतल्या बाजूला गेली की खचते, आणि हे ठरावीक काळानं पुन्हा घडतं. हा काळ दोन पाय (२π) गुणिले चुंबकीय शिअर, भागिले प्रवाहाचा शिअर. तुमचा वरखाली होणारा आकडा बहुधा हाच आहे. आलेखावर दोन शिखरांमधलं अंतर मोजा आणि या सूत्राशी ताडून बघा. जुळलं तर पूर्ण आवर्तनांची सरासरी घ्या, तो तुमचा दर. न जुळलं तर कोडमध्ये शोधाशोध करा, आणि सुरुवात शिअरच्या चिन्हापासून करा.

चुंबकीय शिअर शून्याजवळ गेला तर हा काळ आखूड होत जातो आणि शेवटी आवर्तनच उरत नाही. लाट काही काळ वाढते आणि मग कायमची मरते. अशा वेळी दर सोडा आणि मरण्याआधी ती किती पट झाली ते मोजा. ही पट महत्त्वाची, आणि ती का, हे मी फजिती होऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी शिअर वाढवत नेताना एका टप्प्याला माझ्या सिम्युलेशनमधली उष्णतेची वाहतूक शून्य झाली. मी खूश. दोन मित्रांना मिसळ खाऊ घातली, गोषवाराही लिहायला घेतला. आठवडाभरानं एकानं सहज विचारलं, "सुरुवात कशावरून केली होतीस?" केली होती अगदी बारीक गोंगाटावरून. मग त्याच शिअरवर, पण आधीच खवळलेल्या अवस्थेपासून सुरुवात करून पाहिलं, तर खळबळ मरायला तयार नाही, तासन् तास तशीच. प्रत्येक लाट शेवटी मरत होती, पण मरण्याआधी इतकी मोठी होत होती की पुढच्या लाटांना जन्म देऊन जात होती. गोंगाट पुरेसा मोठा नव्हता, म्हणून चक्र सुरूच होत नव्हतं. मिसळीचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

तेव्हा शिअर घालून "स्थिर" असं उत्तर आलं की दोन वेगवेगळ्या सुरुवातींवरून चालवून बघा, एक बारीक आणि एक खवळलेली. त्रिज्येच्या दिशेनं सिम्युलेशनचा डबा, म्हणजे कोड जेवढ्या जागेचं गणित करतो ती जागा, लहान असेल तर आणखी एक भानगड. बरेच कोड तरंगांक सलग बदलत नाहीत, जाळीच्या पुढच्या खुणेवर उडी मारतात. डबा अरुंद असला की खुणा लांब लांब, आणि सगळ्यात लांब तरंगाला कित्येक पावलं शिअर जाणवतच नाही. मग एकदम धक्का बसतो. डबा दुप्पट रुंद करून उत्तर बदलतं का ते बघा. बदललं, तर आधीचं उत्तर डब्याचं होतं. आणि प्रोजेक्टच्या सादरीकरणात कुणी विचारलंच की इतक्या गणितात रेषांच्या दिशेचा शिअर धरलाय की फक्त आडवा, तर उत्तर तयार ठेवा. बऱ्याच कोडमध्ये तो वेगळा पर्याय असतो आणि मूळ स्थितीत बंद असतो.